सोमवारची कॉइल

"गायकवाड भाऊ, घड्याळ बघा. दोन वाजून पाच मिनिटं झाली."

दत्तू मुंगसे कॉटवर उताणा पडला होता. डाव्या हातात दोन जाड सुया, म्हणून उजव्या हाताने तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होता. दोन पस्तीसला त्याच्या कंपनीची बस आमच्या हॉस्पिटलसमोर हायवेवर थांबायची. ती चुकली की सेकंड शिफ्ट चुकली. शिफ्ट चुकली की टाइम ऑफिसात लाल शेरा. असे किती शेरे झाले की नोकरी जाते, हे दत्तूला तोंडपाठ होतं.

"बघतोय," मी म्हणालो. "तू गप पड."

आणि मी सलाइनचा चिमटा बंद केला. बाटली अजून अर्धी भरलेली होती.

ही १९८०च्या आसपासची गोष्ट. मी मूळचा फिटर. आयटीआय करून पिंपरीच्या एका कंपनीत पंपांच्या मेंटेनन्सला होतो. हॉस्पिटलने डायलिसिसचं मशीन आणलं तेव्हा त्यांना पंप, गेज आणि थर्मोस्टॅट समजणारा माणूस हवा होता. मुंबईला तीन महिने ट्रेनिंग झालं आणि मी डायलिसिस टेक्निशियन झालो. आज पन्नाशी जवळ आली आहे, अजून तेच काम करतो. ही हकिकत मी आजवर फक्त एका माणसाला सांगितली आहे.

डायलिसिस म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून धुणं. आमचं तेव्हाचं मशीन म्हणजे स्टीलची एक मोठी टाकी. तिच्यात शंभर लिटर पाणी, त्या पाण्यात मोजून घातलेले क्षार. मधल्या डब्यात कॉइल. कॉइल म्हणजे पातळ पारदर्शक पडद्याची लांब, चपटी नळी, वळकटीसारखी गुंडाळलेली. आतून रक्त फिरतं, बाहेरून पाणी. रक्तातली घाण पाण्यात उतरते. सहा तासांनी काम संपलं की कॉइल बादलीत.

पण त्या वेळी कॉइलमध्ये आणि नळ्यांमध्ये पेशंटचं बरंच रक्त अडकलेलं असतं. ते परत त्याच्या अंगात घालायचं असतं. एका टोकाने सलाइन सोडायचं, ते रक्ताला पुढे ढकलत नेतं. यात घाई चालत नाही. थोडं सोडायचं, थांबायचं, कॉइल तळहाताने थोपटायची, नळ्या बोटांनी पिळायच्या, परत सोडायचं. नळीतला रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पाण्यासारखा होतो. याला आम्ही रिन्स म्हणतो. नीट रिन्सला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. दत्तूची रिन्स मी पाच मिनिटांत उरकायचो.

त्याला कारण होतं. निदान तेव्हा ते मला कारण वाटायचं.

दत्तू चाकणजवळच्या एका खेड्यातला. तीस-एकतिसाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. भोसरीच्या एका कंपनीत तो टर्नर होता. रजा संपल्या तेव्हा कंपनीने मेहेरबानी करून त्याला टूल क्रिबमध्ये बसवलं, म्हणजे कामगारांना हत्यारं द्यायची आणि परत घ्यायची. कायमची सेकंड शिफ्ट. नोकरी होती तोवर डायलिसिस कंपनीच्या मेडिकलमधून व्हायचं. नोकरी गेली तर डायलिसिस गेलं, आणि डायलिसिस गेलं की दोन-तीन आठवडे. म्हणजे दोन पस्तीसची बस ही त्याच्यासाठी नुसती बस नव्हती.

सकाळी गावाहून पहिल्या एसटीने तो साडेसातपर्यंत यायचा. आठला सुरुवात, दोनला शेवट. मग रिन्स. मग सुया काढून जागा पंधरा-वीस मिनिटं दाबून धरायची, कारण रक्त पातळ करायचं औषध दिलेलं असतं, पटकन थांबत नाही. मग वजन, पट्टी. सगळं नीट केलं तर दोन चाळीस, पंचेचाळीस व्हायचे.

कुठेतरी वेळ कापायला हवा होता. सहा तासांतून कापला तर घाण अंगात राहणार. सुयांची जागा कमी दाबली तर बसमध्ये शर्ट रक्ताने भरणार. तसं एकदा झालंही होतं. उरली रिन्स. तिथे कापलेलं कुणाला दिसत नव्हतं. पेशंटला दुखत नव्हतं. थोडं रक्त कॉइलमध्ये राहणार, एवढंच.

त्याचे दोन दिवस ठरलेले होते, सोमवार आणि गुरुवार. गुरुवारी आमच्या भागात कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी बसची घाई नाही, म्हणून गुरुवारची रिन्स मी अगदी मन लावून करायचो. हे मुद्दाम सांगतो आहे. मला काम येत नव्हतं असं नाही.

आता अ‍ॅनिमियाबद्दल. किडनी नुसती लघवी बनवत नाही. आपलं रक्त हाडांच्या पोकळीत तयार होतं आणि "तयार करा" हा निरोप किडनी पाठवते. प्लॅनिंग डिपार्टमेंट बंद पडलं की शॉपमध्ये माणसं असून, मशीन असून माल निघत नाही, तसं हे. किडनी गेली की निरोप बंद. म्हणून डायलिसिसचे पेशंट पांढरेफटक असतात. आज तो निरोप इंजेक्शनमध्ये भरून मिळतो. तेव्हा मिळत नव्हता. तेव्हा आमच्या हातात लोहाची इंजेक्शनं होती, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या होत्या, कमरेत द्यायचं एक तेलकट इंजेक्शन होतं, आणि काहीच चाललं नाही तर रक्ताची बाटली. या सगळ्याच्या आधीचा पहिला नियम मात्र फुकटचा होता. आहे ते रक्त सांडू नका. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी मी तो वहीत लिहून घेतला होता.

पावसाळा संपेपर्यंत दत्तूचं हिमोग्लोबिन आठवरून साडेपाचवर आलं. टूल क्रिबच्या वरच्या फळीवरचं हत्यार काढायला तो शिडीच्या तीन पायऱ्या चढायचा आणि खाली येऊन स्टुलावर बसायचा. कानात सारखा आवाज येतो म्हणायचा.

"कंप्रेसर चालू असल्यागत," त्याने सांगितलं. "घरी आलं तरी चालूच. बायकोला म्हणलं, बंद कर की ग. ती म्हणती, काय बंद करू?"

लोहाचं इंजेक्शन कमरेवर तपकिरी डाग ठेवून जायचं. ते टोचताना तो हसायचा. "लोखंडाच्या कारखान्यात बारा वर्सं काढली, गायकवाड भाऊ, आन अंगात लोखंड न्हाई. कुणाला सांगावं तर हसतील."

आमचे डॉक्टर सबनीस किडनीचे तज्ज्ञ. आठवड्यातून दोनदा पुण्याहून यायचे. कमी बोलणारे आणि कसून काम करणारे. रक्त कुठे जातं आहे याचा त्यांनी शोध घ्यायचं ठरवलं. आतड्यातून जातं का, तपासलं. जंत आहेत का, तपासलं. शेतकऱ्याचं घर, अनवाणी फिरणं, म्हणून जंतांचं औषधही दिलं. तपासणीसाठी काढायचं रक्तसुद्धा निम्म्यावर आणलं. महिना गेला, आकडा हलेना.

एका सोमवारी सकाळी मी टाकीत पाणी भरत असताना ते माझ्याजवळ आले.

"गायकवाड, रिन्स नीट होते ना याची?"

"हो सर."

"कॉइल स्वच्छ निघते?"

"हो सर."

"मग जातं कुठे याचं रक्त?" ते स्वतःशीच म्हणाले आणि पुढच्या कॉटकडे गेले.

दोन वेळा 'हो सर' म्हणालो. सांगायला काय हरकत होती, असा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. नोकरीची भीती होती का? थोडी. पण खरं कारण वेगळं होतं. आपण एका गरिबाची नोकरी वाचवतो आहोत, असं मला मनातून वाटत होतं. ते चांगलं काम होतं आणि ते फक्त मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी ते बंद केलं असतं.

लोंढे सिस्टरनाही शंका आली होती. त्या लातूरकडच्या. नजर बारीक, आणि बोलताना समोरच्याची भीडभाड नाही. एकदा बादली उचलता उचलता त्यांनी विचारलं, "का हो गायकवाड, सोमवारची कॉइल लाल असती अन् गुरुवारची पांढरी. पेशंट एकच, माणूस एकच. असं कसं?"

"सोमवारी त्याचं रक्त दाट असतं," मी म्हणालो. "मध्ये तीन दिवस जातात ना."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "असल बाई. तुम्ही शिकून आलेले." आणि बादली घेऊन गेल्या. ऐकायला पटेल असंच मी बोललो होतो. शिकलेला माणूस असं खोटं बोलतो की ते माहितीसारखं वाटतं.

शेवटी बाटल्या सुरू झाल्या.

दत्तूच्या डिपार्टमेंटला कळलं तेव्हा रांग लागली. आमच्या पट्ट्यातली तशी रीतच होती. शॉपमधल्या कुणाला रक्त लागलं तर फोरमनने बोर्डावर खडूने गट लिहायचा, आणि ज्यांचा गट जुळतो त्यांनी गुरुवारी सुट्टीच्या दिवशी रक्तपेढीत जायचं. घरी न सांगता. दत्तूचा बी पॉझिटिव्ह. टर्नर आले, ग्राइंडर आले, कॅन्टीनचा आचारी आला. दर महिन्याला एक बाटली, कधी दोन. बाटली चढली की दोन-तीन दिवसांत दत्तूच्या नखांना रंग यायचा. पुढच्या दोन-तीन सोमवारांत तो परत उतरायचा.

एका गुरुवारी बाटली चालू असताना त्याच्या शॉपमधला एकजण भेटायला आला होता.

"दत्त्या, आता निम्मं मशीन शॉप तुझ्या अंगात फिरतंय राव. युनियनची निवडणूक तुझ्या पोटातच घेऊ."

"घ्या की," दत्तू म्हणाला. "पर भांडणं करायची न्हाईत. आधीच जागा कमी हाय."

सगळे हसलो. मीही हसलो. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं की भांडण आत सुरू झालेलं आहे.

दत्तूचा थोरला भाऊ सोपान. शेती करायचा. किडनी देणार म्हणून तो पहिल्या दिवसापासून तयार होता. गट जुळत होता, तब्येत दणकट. फक्त मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागायचा होता. तो लागेपर्यंत दत्तूला टिकवणं, एवढंच आमचं काम होतं. ऑपरेशन झालं असतं तर दत्तूला मशीन नको, बाटल्या नकोत, आणि नवी किडनी निरोप पाठवायला लागली की अ‍ॅनिमियाही नको. कॉटवर पडल्या पडल्या तो सांगायचा, "एकदा ऑपरेशन झालं की परत लेथवर. टूल क्रिबात म्हातारी मानसं बसवत्यात."

नंबर लागला. दोघे भाऊ मुंबईला गेले. तिथे शेवटची एक तपासणी असते, क्रॉस मॅच. पेशंटच्या रक्तातलं पाणी आणि दात्याच्या पांढऱ्या पेशी एकत्र करून बघतात. पेशी जिवंत राहिल्या तर ठीक. मेल्या, तर त्याचा अर्थ पेशंटच्या अंगात त्या पेशींविरुद्ध हत्यारं आधीच तयार आहेत. अशा वेळी किडनी बसवली तर ती टेबलावरच काळी पडते.

सोपानच्या पेशी मेल्या. परत केलं. परत मेल्या.

दोघे परत आले त्या दिवशी डॉक्टर सबनीसांनी त्यांना समोर बसवून समजावलं. मी टाकी धुण्याच्या निमित्ताने तिथेच होतो.

"सोपानराव, परक्याचं रक्त अंगात गेलं की शरीर त्याची नोंद घेतं. बाटलीमागे एक नवा माणूस. दत्तूला आत्तापर्यंत अकरा बाटल्या गेल्या. त्यातल्या कुणाच्या तरी पेशींच्या खुणा तुमच्या खुणांशी मिळत्याजुळत्या होत्या. शरीराने त्यांच्याविरुद्ध हत्यारं बनवली, आणि आता ती तुमच्यावर चालतायत."

सोपानने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी सायेब, लोकांनी चांगुलपणानं दिलं, तेच आडवं आलं?"

"तसंच समजा."

"आन मग न द्यावं?"

"न देऊन चालत नव्हतं. रक्त टिकतच नव्हतं त्याचं."

टिकतच नव्हतं. मी टाकी पुसायचा बोळा पिळत उभा होतो. दत्तूने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, जाऊ द्या म्हटल्यासारखी. घरात दुसरं कुणी देणारं नव्हतं. आई म्हातारी, मुली लहान, बायकोचा गट वेगळा.

पुढच्या सोमवारीही मी पाच मिनिटांतच रिन्स केली. हे लिहायला फार जड जातं. दत्तू बस पकडायला गेला आणि मी कॉइल बादलीत टाकली नाही. ती स्वच्छ पाण्याने आतून धुतली, पाणी परत गुलाबी यायचं थांबेपर्यंत. ते पाणी मोजून लॅबमध्ये नेलं आणि किती रक्ताचं हे पाणी आहे, ते काढून मागितलं. गुरुवारी पूर्ण रिन्स केलेली कॉइल तशीच धुवून नेली.

गुरुवारच्या पाण्यात दोन-तीन चमचे रक्त निघालं. सोमवारच्या पाण्यात चहाचा कप भरला असता इतकं. चार सोमवार मिळून साधारण एक बाटली.

म्हणजे महिन्याला एक बाटली त्याच्या शॉपचे लोक त्याला देत होते, आणि महिन्याला एक बाटली मी बादलीत टाकत होतो.

लॅबचा कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं, बसचं, पाच मिनिटांचं, सिस्टरना मारलेल्या थापेचं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो सर."

"दोनदा विचारलं होतं."

"हो सर."

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मी बादलीत वाकून बघायला हवं होतं," ते म्हणाले. "तोंडी उत्तरावर विश्वास ठेवला." मग चष्मा पुसत म्हणाले, "थोड्या बाटल्या तरीही लागल्याच असत्या. पाच, सहा. त्यातलीही एखादी नडली असती किंवा नसती. हे कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

"दत्तूला सांगू का सर?"

"सांगून त्याला काय मिळणार? ज्याच्या हातात दर आठवड्याला दोनदा हात द्यायचा, त्याच्यावरचा विश्वास जाईल. मोकळं तुम्हाला वाटेल."

मग त्यांनी लेटरहेड ओढून कंपनीच्या पर्सनल मॅनेजरला चार ओळी लिहिल्या. या कामगाराला वैद्यकीय कारणासाठी दर सोमवारी पाऊण तास उशिरा येण्याची मुभा द्यावी. चिठ्ठी दत्तूच्याच हाती पाठवली.

गुरुवारी दत्तू हसत आला. "भाऊ, सायबानं चिठ्ठी वाचली आन लगेच सही मारली. वर म्हणतो, एवढ्यासाठी थांबलास व्हय, आधी का न्हाई सांगितलं? आता तीन दहाच्या बसनं जायचं. आरामात."

एका चिठ्ठीचं काम होतं. तीन दहाची बस तेव्हाही होती. वर्षभरात मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. दत्तू भिडस्त, त्याने विचारलं नाही. आणि मी मदत करण्यात इतका गुंतलो होतो की मदतीची गरज आहे का, हे बघितलंच नाही.

त्यानंतर सोमवारच्या कॉइलही पांढऱ्या निघू लागल्या. लोंढे सिस्टर बादलीत बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. हिमोग्लोबिन साडेसहावर येऊन थांबलं. पाच महिने एकही बाटली लागली नाही. मुंबईला परत क्रॉस मॅच केलं. हत्यारं तशीच होती.

दत्तू त्यानंतर सव्वा वर्ष जगला. पातळ रक्त फिरवता फिरवता हृदय ताणून मोठं झालं होतं. एका बुधवारी घरीच धाप लागली आणि आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत संपलं. शेवटच्या आठवड्यातही त्याचं कार्ड पंच झालेलं होतं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी सोपान आला. एसटीतून कांद्याचं अर्धं पोतं घेऊन आला होता. पायरीवर ते टेकवून त्याने घाम पुसला.

"आमच्या रानातला हाय. घ्या. न्हाई म्हनू नका."

"सोपानराव, कशाला एवढं?"

"दत्तू लई बोलायचा तुमच्याबद्दल. म्हनायचा, डाक्टर मोठं खरं, पर मला सांभाळलं गायकवाड भाऊनं. एक दिस बस चुकू दिली न्हाई." त्याने टोपी काढली, परत घातली. "सख्खा भाऊ असून मला किडनी देता आली न्हाई. तुमी परकं असून जमंल तेवढं केलंत. म्हनून आलो."

सांगायची वेळ हीच होती. पोर्चमध्ये आम्ही दोघेच होतो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेऊन जा."

तो चहा घेऊन गेला. कांदे आमच्या घरी दोन महिने पुरले.

आता मशीन बदललं, कॉइल गेल्या, इंजेक्शन आलं, बाटल्या क्वचित लागतात. नवीन टेक्निशियन माझ्या हाताखाली येतात. त्यांना वाटतं, म्हातारा उगाच प्रत्येकाच्या बादलीत वाकून बघतो. मी त्यांना एवढंच शिकवतो. रिन्सला पंधरा मिनिटं लागतात. पेशंटला घाई असेल तर घाईचं कारण विचारा, चिठ्ठी लिहून घ्या, पुढच्या बसची वेळ बघा. आणि डॉक्टरांनी विचारलं, कॉइल स्वच्छ निघते का, तर 'हो सर' म्हणू नका. उचलून दाखवा.